‘माझ्याकडे चालतंय’ एवढ्याने भागत नाही

मे २०२४ मधली गोष्ट. फायनल इयरच्या प्रोजेक्टची ओरल चालू होती. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, खुर्चीत, समोर गार होत चाललेला चहा, टेबलावर ब्लॅक बुकांची चळत. तिसऱ्या ग्रुपमधल्या मुलीने बॅगेतून लॅपटॉप काढला, तर स्क्रीनवर नुसत्या उभ्या रेघा. येताना एसटीत वरच्या रॅकवरून बॅग खाली आली होती. मी म्हटलं, ‘अगं, घाबरतेस कशाला? कोड गिटवर आहे ना? लॅबच्या मशीनवर उतरव.’ तिने उतरवला. (गिट म्हणजे कोडची प्रत्येक आवृत्ती जपून ठेवणारी सोय.) लागणाऱ्या पॅकेजेसची यादी, म्हणजे रिक्वायरमेंट्सची फाईल, तीही होती; ती मी सगळ्यांना सक्तीने करायला लावतो. पाच मिनिटांत सगळं इन्स्टॉल झालं. तिने प्रोग्रॅम सुरू केला आणि पडद्यावर एरर आली: ‘वर्कझ्यूग’मधून ‘यूआरएल_कोट’ आणता येत नाही.

‘सर, पण माझ्याकडे चालतंय,’ ती म्हणाली. एक्स्टर्नलनी चहा उचलला.

तिचं खरंच होतं. तिच्या लॅपटॉपवर ते आदल्या संध्याकाळपर्यंत चालत होतं. मग अडलं कुठे? तिच्या फाईलमध्ये चार ओळी होत्या. पहिलीच होती ‘फ्लास्क==२.२.२’, आदल्या वर्षीच्या सीनियरकडून जशीच्या तशी घेतलेली. फ्लास्क हे वेबसाइट उभी करायचं पायथनमधलं पॅकेज. पण ते स्वतः आणखी चार-पाच पॅकेजेसच्या खांद्यावर उभं असतं, त्यातलं एक वर्कझ्यूग. (जर्मन शब्द आहे, अर्थ अवजार. जर्मन माणूस तो असा उच्चारत नाही, पण आमच्या लॅबमध्ये हाच उच्चार रूढ आहे.) फ्लास्कच्या त्या व्हर्जनची अट एवढीच होती की वर्कझ्यूग २.२ च्या मालिकेतलं किंवा त्यापुढचं कोणतंही चालेल. हिने ऑगस्ट २०२३ मध्ये इन्स्टॉल केलं, तेव्हा २.३ आलं आणि सगळं सुरळीत चाललं. ३० सप्टेंबर २०२३ ला वर्कझ्यूगचं ३.० निघालं आणि त्यात ‘यूआरएल_कोट’ काढून टाकलेलं होतं. काढणार असल्याचं त्यांनी २.३ मध्येच सांगून ठेवलं होतं. लॅबच्या मशीनने मे महिन्यात बाजारातलं ताजं वर्कझ्यूग आणलं. मुलीच्या कोडमधलं एक अक्षरही बदललेलं नव्हतं, तरी प्रोग्रॅम मेला.

उपाय एका ओळीचा होता. वर्कझ्यूग ३ च्या खालचं घे, अशी पाचवी ओळ फाईलमध्ये घातली, पुन्हा इन्स्टॉल केलं, चाललं. मार्कही गेले नाहीत. पण दहा-बारा मिनिटं त्या मुलीचा चेहरा जसा झाला होता तो मला आठवतो, आणि चूक माझी होती हेही. यादी करा, असं मी सांगत आलो होतो. अर्धी यादी यादीच नसण्यापेक्षा जास्त फसवते, हे सांगितलं नव्हतं. यादी नसती तर तिने दोन दिवस आधी धास्तीने कुठेतरी चालवून तरी पाहिलं असतं.

म्हणून हे लिहितो आहे. फायनल इयरच्या मुलांसाठी आहेच. पण दुकानाच्या हिशेबाला एखादा छोटा प्रोग्रॅम करून घेतलेल्यांसाठी, घरी बसून पायथन शिकणाऱ्या गृहिणीसाठी, आकडेमोडीला कोड वापरणाऱ्या पीएचडीच्या मुलांसाठीही आहे. प्रोग्रॅम म्हणजे फक्त तुम्ही लिहिलेली फाईल नव्हे. त्याला जे जे लागतं ते नाव आणि नंबरासकट त्याच फोल्डरमध्ये लिहिलेलं असलं पाहिजे, आणि त्या लिखाणावरून कोऱ्या मशीनवर तो उभा राहिला पाहिजे. माझं मागणं एवढंच.

आधी जागा वेगळी करा. बहुतेक जण लॅपटॉप घेतल्या दिवसापासून सगळी पॅकेजेस एकाच ठिकाणी ओतत जातात. या प्रोजेक्टला एक व्हर्जन लागतं, त्याला दुसरं. नवं टाकलं की जुनं आपोआप जातं आणि मागच्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट गुपचूप मोडतो. पायथनमध्ये २०१२ च्या ३.३ व्हर्जनपासून ‘व्हेन्व’ नावाची सोय आतच दिलेली आहे, बहुतेक वेळा वेगळं काही उतरवावं लागत नाही. एक कमांड दिली की प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये एक फोल्डर तयार होतं, आणि त्यात शिरून काम केलं की त्या प्रोजेक्टची पॅकेजेस त्यातच पडतात. या फोल्डराला एन्व्हायर्न्मेंट म्हणतात; तो लग्नाचा मांडव समजा. मांडववाला बांबू, कापड, खुर्च्या आणतो, उभारतो, दुसऱ्या दिवशी सोडून घेऊन जातो. मांडव मोडला म्हणून कोणी रडत नाही, कारण किती बांबू आणि किती खुर्च्या ते त्याच्या वहीत आहे. तुमचं व्हेन्वचं फोल्डर बिनधास्त डिलीट करता आलं पाहिजे. हात थरथरत असेल तर वही लिहिलेली नाही, असं समजा.

हेच फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करून दुसरीकडे नेणारेही दर वर्षी भेटतात. ते चालत नाही. आत तुमच्या मशीनवरचे पूर्ण पत्ते, अगदी युजरनेमसकट, लिहिलेले असतात. जावास्क्रिप्टवाल्यांचं ‘नोड_मॉड्यूल्स’ हे त्याचंच भावंड. एका मुलाने सबमिशनला झिप दिली, ती कॉलेजच्या नेटवरून उतरायला अर्धा तास लागला; उघडून बघतो तर त्याचा स्वतःचा कोड सात फाईली. ही दोन्ही फोल्डरं गिटमध्ये टाकू नका. वही टाका, मांडव नको.

लिनक्सवर काम करणाऱ्यांना एक सांगायचं आहे. डेबियन १२ पासून, म्हणजे २०२३ पासून, सिस्टिमच्या पायथनमध्ये थेट पिपने, म्हणजे पायथनची पॅकेजेस आणणाऱ्या कमांडने, काही टाकायला गेलं की मशीन नकार देतं आणि व्हेन्व वापरायला सांगतं. लोक ती एरर शोधतात, कुठून तरी ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ हा पर्याय उचलतात आणि कमांडला चिकटवतात. अहो, नावातच लिहिलंय की सिस्टिमची पॅकेजेस मोडतील! लिनक्सची स्वतःची कितीतरी हत्यारं त्याच पायथनवर चालतात. मशीन सरळ मराठी माणसासारखं तोंडावर सांगतंय, तर ऐका.

आता यादी. इथे नीट लक्ष द्या, कारण सगळी गोम इथेच आहे. याद्या दोन असतात आणि लोक एकीलाच दोन्ही समजतात.

पहिली यादी तुमच्या मागणीची: मला फ्लास्क हवं, तक्ते हाताळणारं पांडाज हवं, साधारण या मालिकेतलं. ती माणसाने लिहायची, लहान असते, वाचता येते. दुसरी यादी प्रत्यक्षात आलेल्या मालाची: फ्लास्क बरोबर अमुक, त्याच्यासोबत आलेलं वर्कझ्यूग बरोबर तमुक, त्याच्याही पोटात असलेलं आणखी काही. ही मशीनने लिहायची, लांबलचक असते, हाताने तिला शिवायचं नाही. तिला लॉक फाईल म्हणतात. जावास्क्रिप्टमध्ये ‘पॅकेज डॉट जेसन’ ही मागणी आणि ‘पॅकेज-लॉक’ ही आलेल्या मालाची नोंद. जावास्क्रिप्टची पॅकेजेस आणणाऱ्या एनपीएमच्या २०१७ मधल्या पाचव्या व्हर्जनपासून ती आपोआप बनते. दुसऱ्याच्या मशीनवर उभारताना ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ द्या. ती कमांड लॉक फाईलबरहुकूमच माल आणते, आणि दोन याद्या एकमेकींशी जुळत नसतील तर काम थांबवते. पायथनच्या घरात मात्र बरीच वर्षं याबाबत प्रत्येकाची वेगळी चूल होती. पॅकेजेस सांभाळणाऱ्या हत्यारांत पोएट्रीची लॉक फाईल वेगळी, यूव्हीची वेगळी, पिपटूल्सची पद्धत वेगळी. सगळ्यांना समान असा लॉक फाईलचा साचा २०२५ मध्ये मंजूर झाला. तुम्ही यांतलं काहीही वापरा, मी भांडणार नाही. नव्याने सुरू करणाऱ्याला मी हल्ली यूव्ही सुचवतो, कारण ते झपाट्याने काम करतं आणि लॉक फाईल न विचारता बनवतं.

यातलं काहीच नको असेल, तर निदान ‘पिप फ्रीझ’ करा. ती आलेल्या सगळ्या मालाची यादी देते, पोटातल्या मालासकट. आमच्या मुलीने हाताने चार ओळी लिहिण्याऐवजी हे केलं असतं तर वर्कझ्यूगचा नंबर आपोआप आला असता. पण फ्रीझ करायचं ते त्या प्रोजेक्टच्या व्हेन्वमध्ये शिरूनच. बाहेरून केलंत तर लॅपटॉपवरचा चार वर्षांचा संसार यादीत येतो; मी एकदा साध्या कॅल्क्युलेटरच्या प्रोजेक्टसोबत दोनशेच्या वर ओळींची यादी पाहिली आहे. विंडोजवर केलेल्या यादीत ‘पायविन३२’सारखं काही येतं, जे लिनक्सच्या सर्व्हरवर बसतच नाही. आणि अ‍ॅनाकोंडा वापरणाऱ्यांची आणखी एक गंमत. फ्रीझ केल्यावर काही ओळींत नंबराऐवजी ‘@ फाईल’ आणि पुढे एक लांबलचक पत्ता येतो. तो पत्ता ज्या मशीनवर ते पॅकेज बांधलं गेलं तिथला, तुमच्याकडेही तो नसतो. अशी यादी दुसऱ्याला देणं म्हणजे ‘पिंपळाजवळच्या घरी या’ असं सांगून पिंपळ कुठल्या गावातला ते न सांगणं. कोंडावाल्यांनी कोंडाचीच एन्व्हायर्न्मेंट फाईल करावी, आणि ती काढताना ‘फ्रॉम हिस्टरी’ हा पर्याय द्यावा, म्हणजे तुम्ही स्वतः मागितलेलं तेवढंच येतं. ती झाली पहिली यादी. नेमके नंबर त्यात तुम्ही घालायचे.

पायथनचा स्वतःचा नंबरही लिहा. हे तर जवळजवळ कोणीच करत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये पायथन ३.१२ आलं आणि त्यातून ‘डिस्टयूटिल्स’ नावाचा जुना भाग काढला गेला. त्यावर विसंबलेली कितीतरी जुनी पॅकेजेस त्या दिवसापासून नव्या पायथनवर बसेनात. पॅकेजेसचे सगळे नंबर बरोबर, आणि खालची जमीनच दुसरी, असं होतं मग.

नंबर लिहिताना एक चिमटा मी स्वतः खाल्लेला आहे. यामल नावाच्या साच्यात कॉन्फिगरेशनच्या फाईली लिहितात. कोंडाची असते, आपोआप टेस्ट चालवणाऱ्या सर्व्हरचीही असते. त्यात मी पायथनचं व्हर्जन ३.१० असं लिहिलं, अवतरणचिन्हांशिवाय. यामलला ती दशांश संख्या वाटली. दशांशात शेवटच्या शून्याला किंमत नाही, म्हणून ३.१० चं झालं ३.१. आणि सर्व्हर सांगतोय, पायथन ३.१ मिळत नाही! कुठून मिळणार, ते २००९ सालचं. मी फाईल दहा वेळा वाचली, मला दहाच दिसत होते. अवतरणचिन्हं घाला. आणि यामलमध्ये ओळ आत सरकवायला टॅब चालत नाही, स्पेसच लागते. त्या बारीकशा गोष्टीवर रात्री गेलेल्या लोकांना मी ओळखतो.

नंबराचा अर्थ काय, ते थोडक्यात. तीन आकडे असतात. शेवटचा वाढला तर दुरुस्ती, मधला वाढला तर नवी सोय, पहिला वाढला तर जुनं काहीतरी मोडलेलं असू शकतं. असा संकेत आहे; कायदा नाही, आणि सगळी पॅकेजेस तो पाळतातच असंही नाही. एप्रिल २०२३ मध्ये पांडाजचं २.० आलं आणि तक्त्याला ओळी जोडायची ‘अपेंड’ ही सोय गेली, तिच्याऐवजी ‘कॉनकॅट’ वापरा म्हणाले. पहिला आकडा वाढला होता, म्हणजे त्यांनी संकेत पाळला. ज्यांच्या यादीत नुसतं ‘पांडाज’ लिहिलं होतं त्यांना तो संकेत दिसायचा प्रश्नच नव्हता.

यादीच नसलेल्या एका ठिकाणी मला जावं लागलं. आमच्या गावाकडच्या एका पतसंस्थेत आवर्त ठेवींचे महिन्याचे तक्ते काढायला एका हुशार मुलाने पायथनमध्ये प्रोग्रॅम करून दिलेला होता. तीन वर्षं छान चालला. मुलगा बंगळुरूला गेला, इकडे जुना कॉम्प्युटर बंद पडला, नवा आणला, आणि महिनाअखेर तोंडावर. मॅनेजर म्हणजे माझे लांबचे मामा. फोनवर म्हणाले, ‘अरे, फाईल आहे आमच्याकडे, पेनड्राइव्हवर जपून ठेवली आहे, पण चालत नाही.’ जपून ठेवली होती खरंच, प्लॅस्टिकच्या डबीत. पण नुसता प्रोग्रॅम. कोणती पॅकेजेस, कोणते नंबर, कोणतं पायथन, काही नाही. मी फाईल उघडून वरच्या इम्पोर्टच्या ओळी वाचून नावं काढली, आणि नंबरांसाठी फाईलची तारीख पाहिली. २०२१ मधली होती. मग प्रत्येक पॅकेजचं त्या तारखेच्या आधीचं व्हर्जन शोधत बसलो. शनिवार-रविवार गेला. मोडलं होतं ते अर्थात पांडाजचं अपेंड, आणि आणखी दोन गोष्टी. (अशी वेळ कोणावर आलीच, तर यूव्हीमध्ये ‘अमुक तारखेनंतर निघालेलं काही घेऊ नकोस’ असं सांगायची सोय आहे. मला तेव्हा माहीत नव्हती.)

यात त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला कोणी मागितलंच नव्हतं. म्हणून ज्यांना कोड येत नाही, पण कोडवर ज्यांचं काम चालतं, त्यांना सांगतो: प्रोग्रॅम करून घेताना पैशांचा शेवटचा हप्ता राखून ठेवा. करून देणाऱ्याला म्हणा, हा दुसरा कॉम्प्युटर, यावर तुझा प्रोग्रॅम कधी गेलेला नाही. तू हात लावायचा नाहीस. तू दिलेलं फोल्डर आणि कागदावरच्या चार ओळी घेऊन आमचा क्लार्क तो सुरू करेल. सुरू झाला की हप्ता. भांडण न करता, हसत हसत म्हणा. चांगला मुलगा असेल तर तो स्वतःच दोन दिवस मागून घेईल.

पॅकेजच्या नावांबद्दलही सावध राहा. कोडमध्ये लिहायचं नाव आणि इन्स्टॉल करायचं नाव एकच असतं असं नाही. कोडमध्ये ‘सीव्ही२’, इन्स्टॉल करताना ‘ओपनसीव्ही-पायथन’. कोडमध्ये ‘एसकेलर्न’, खरं पॅकेज ‘सायकिट-लर्न’. अंदाजाने नाव टाइप करू नका, कारण नेमक्या अशाच चुकांवर टपून लोक जवळपासच्या नावांची खोटी पॅकेजेस टाकून ठेवतात. हल्ली चॅटबॉटला कोड मागितला की तो कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचं नाव ठोकून देतो, आणि ती नावंही कोणीतरी उद्या नोंदवून ठेवू शकतं. यादीत ओळ घालण्याआधी ते पॅकेज आहे का, किती वर्षांचं आहे, कोण सांभाळतं, हे एकदा उघडून बघा. दोन मिनिटं लागतात.

मला हमखास विचारला जाणारा प्रश्न असा की, सगळं लॉक करून ठेवलं तर सिक्युरिटीचं काय? जुन्यातल्या जुन्यावर बसून राहायचं का? प्रश्न बरोबर आहे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या पॅकेजमध्ये भयंकर भोक सापडलं. नोंदवहीत जाणाऱ्या मजकुरात एक विशिष्ट वाक्य घुसवलं की बाहेरचा माणूस तुमच्या सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकत होता. जगभर धावपळ उडाली. त्या आठवड्यात पहिला प्रश्न ‘दुरुस्त कसं करायचं’ हा नव्हता, ‘ते आपल्याकडे आहे का’ हा होता. ज्यांच्याकडे पूर्ण यादी होती त्यांनी शोधलं आणि उत्तर मिळालं. बाकीचे सर्व्हर उपसत बसले, कारण ते पॅकेज कोणाच्या तरी पोटात, त्याच्याही पोटात दडलेलं असायचं. उलट बाजूचं उदाहरण सप्टेंबर २०२५ चं. ‘चॉक’ आणि ‘डीबग’ ही जावास्क्रिप्टची अतिशय वापरातली पॅकेजेस. त्यांच्या सांभाळणाऱ्याला खोट्या ईमेलने फसवून कोणीतरी त्यांची विषारी व्हर्जनं टाकली. काही तासांत ती काढली गेली. त्या तासांत ज्यांनी ‘जे ताजं असेल ते आण’ म्हटलं, धोका त्यांना होता. लॉक फाईलवरून उभारणाऱ्याला जुनंच व्हर्जन मिळालं, शिवाय लॉक फाईलमध्ये प्रत्येक पॅकेजच्या मजकुराचा ठसा असतो, तो जुळला नाही तर इन्स्टॉल होतच नाही.

तेव्हा लॉक करा, आणि अपडेटही करा. पण दिवस तुम्ही ठरवा. ओरलच्या आदल्या रात्री किंवा महिनाअखेरीला नको. सुट्टीच्या दिवशी बसा, नंबर वाढवा, चालवून बघा, चाललं तर नवी लॉक फाईल गिटमध्ये टाका, नाही चाललं तर जुनी तिथे आहेच.

पॅकेज मुळातच नाहीसं झालं तर? असंही झालेलं आहे. २२ मार्च २०१६ ला ‘लेफ्टपॅड’ नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने वादातून एनपीएमवरून काढून घेतलं. अक्षरांच्या डावीकडे जागा भरायची, एवढंच त्याचं काम. त्यावर अप्रत्यक्षपणे टेकलेली मोठमोठी कामं जगभर अडली, आणि एनपीएमला ते स्वतः होऊन परत ठेवावं लागलं. आपल्याकडे त्याहून साधं कारण असतं: ओरलच्या दिवशी कॉलेजचं नेट जातं. म्हणून ‘पिप डाउनलोड’ ही कमांड शिकून घ्या. यादीतली सगळी पॅकेजेस एका फोल्डरमध्ये उतरतात, ते फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यायचं आणि इन्स्टॉल करताना ‘नेटवर जाऊ नकोस, इथूनच घे’ असं सांगायचं. फक्त ज्या मशीनवर न्यायचं त्याचं विंडोज-लिनक्स आणि पायथनचा नंबर तुमच्यासारखाच हवा, नाहीतर काही पॅकेजेस बसणार नाहीत.

डॉकर येत असेल तर वापरा, त्यात पायथनसकट सगळी जमीनच फाईलमध्ये लिहिली जाते. पण पहिल्याच ओळीत ‘लेटेस्ट’ लिहिलंत तर सगळी मेहनत पाण्यात. आजचं लेटेस्ट आणि पुढच्या मेमधलं लेटेस्ट एक नसतं. कोलॅबवाल्यांनीही हे लक्षात घ्यावं. ते मशीन तुमचं नाही, त्यावरची पॅकेजेस तुम्हाला न विचारता बदलतात. नोटबुकच्या पहिल्या खान्यात नंबर छापून ठेवा.

सगळं लिहा म्हणालो, त्यात एक अपवाद. पासवर्ड, बँकेच्या किंवा एसएमएसच्या सेवेची की, डेटाबेसचा पत्ता, हे यादीत आणि कोडमध्ये लिहायचं नाही. ते वेगळ्या ‘डॉट एन्व्ह’ फाईलमध्ये ठेवा आणि ती गिटला वगळायला सांगा. सोबत तशीच एक नमुना फाईल द्या: नावं सगळी, किमती रिकाम्या. म्हणजे नव्या माणसाला काय काय भरायचं ते कळतं. आमच्या एका बॅचने एसएमएसची की सार्वजनिक रेपॉझिटरीत टाकली आणि सकाळी खात्यातले सगळे एसएमएस संपलेले. मुलांनी घाईघाईने फाईल डिलीट केली आणि सुटलो म्हणाले. गिट जुनं विसरत नाही. मागच्या कमिटमध्ये की तशीच बसलेली होती. असं झालं तर आधी ती की रद्द करून नवी घ्या, साफसफाई नंतर.

यंदापासून मी लॅबमध्ये एक रिवाज सुरू केला आहे. ओरलच्या आठ दिवस आधी एका दुपारी सगळे लॅपटॉप बंद करून बाकावर ठेवायचे. चौदा नंबरचं मशीन कोरं करून ठेवलेलं असतं. एकेका ग्रुपने यायचं, पण बसायचं दुसऱ्या ग्रुपने. बसणाऱ्याने गिटवरून फोल्डर घ्यायचं आणि त्यात लिहिलं आहे तेवढंच करायचं. ज्यांचा प्रोजेक्ट आहे त्यांनी मागे उभं राहायचं, तोंड उघडायचं नाही. पहिल्या फेरीत अकरापैकी तीन प्रोजेक्ट उभे राहिले. एका ग्रुपचा मुलगा मागून कुजबुजला, ‘अरे, ते आधी वेगळं टाकावं लागतं,’ तर लॅब असिस्टंट काकांनी त्याला बाहेर काढलं आणि म्हणाले, ‘ते आत लिही, मग ये.’ तो व्हरांड्यात जमिनीवर बसून मोबाइलवर लिहीत होता. संध्याकाळी साडेपाचला त्याचा नंबर पुन्हा लागला, तेव्हा उभे राहिलेले सात झाले होते.